मुंब्रा बायपासचे पेढे

घोडबंदरकर: सोसायटीच्या ग्रुपवर काल एकाने टाकलं, "बदलापूरचा न्याय मुंब्रा बायपासला झाला, कोर्टात वीस वर्षं गेली असती." राहवलं नाही म्हणून लिहितोय. २० ऑगस्ट २०२४ला लोक बदलापूरला रुळांवर का उतरले? शाळेत लैंगिक अत्याचार झालेल्या चिमुरड्यांच्या आईबापांना तक्रारीसाठी पोलिसांनी तासन्‌तास ताटकळत ठेवलं म्हणून. २३ सप्टेंबरला तळोजा जेलमधून नेताना मुंब्रा बायपासजवळ त्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, आणि त्याच खात्यासाठी पेढे वाटले!

ऐरोलीची आई: ते पोलीस वेगळे, हे वेगळे. तुम्हाला मुलगी आहे का? मला दोन आहेत. त्या रात्री महिन्याभराने नीट झोपले.

कळवा नाका: ताई, सुटलेला हात माणूस बघून पडत नाही. माझ्या भावाला मोबाइलचोरीच्या संशयावरून चौकीत नेलं, तळपायांवर पट्टे मारले. सकाळी खरा चोर सापडला, तर "चहा पी आणि जा." आठवडाभर पायात बूट जात नव्हता, कामावर चपलेत गेला. आजही नाकाबंदी दिसली की स्कूटर वळवतो.

हवालदाराचा मुलगा: घरात बसून बोलणं सोपं असतं. गणपतीचे दहा दिवस बाबा घरी नसायचे. क्वार्टरचं छत गळायचं, गादीशेजारी बादली ठेवून आम्ही झोपायचो.

वाशी सेक्टर १७: क्वार्टर्सचं अगदी खरं. माझ्या मामांनी तर रिटायर झाल्यावर भाड्याच्या खोलीत दिवस काढले. तीस वर्षांची नोकरी आणि डोक्यावर छप्पर नाही!

घोडबंदरकर: छताचा आणि पट्ट्याचा काय संबंध?

हवालदाराचा मुलगा: आहे संबंध! पंधरा तास बंदोबस्त करून आलेल्या माणसाच्या हातात चार केसेस. तपास कधी करणार? वरून फोन, "उद्यापर्यंत उलगडा हवा." मग फटका पडतो. बाबांनीही मारलंय. मला ते आवडायचं नाही.

कळवा नाका: एवढं कबूल केलंत, बरं वाटलं. पण पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा ठरत नाही, हा कायदा १८७२पासूनचा. मग भावाचे पाय कशासाठी फोडले?

ऐरोलीची आई: तुमच्या भावावर अन्याय झाला, मान्य. त्याला या नराधमाच्या पंक्तीत बसवू नका.

घोडबंदरकर: नराधम कोणी ठरवलं? खटला उभाच राहिला नाही. पोलीस म्हणतात, त्याने पिस्तूल हिसकावून गोळी झाडली. जानेवारी २०२५मध्ये हायकोर्टापुढे आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या अहवालात मात्र पाच पोलिसांना जबाबदार धरलंय.

ऐरोलीची आई: सुप्रीम कोर्टाने २०२०मध्ये सांगितलेले कॅमेरे प्रत्येक पोलीस ठाण्यात चालू ठेवा, माझी ना नाही. पण पेढे वाटल्याची मला लाज वाटत नाही.