चांद्रयुद्धातला वीर पुन्हा आघाडीवर जातो: स्पेससूटमध्ये त्याला भीतीचा झटका आला तर नेमकं काय होईल?

कृष्णपक्ष
नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी दीर्घ विज्ञानकथा लिहितेय, मदत हवी आहे. नायक अंतराळ पायदळातला सुभेदार. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या तळावर हल्ला होतो तेव्हा तो नऊ जणांना आत घेऊन एअरलॉकचं (आत-बाहेर जायच्या हवाबंद खोलीचं) दार लावतो. तिघं बाहेर राहतात. पुढे पदक, मिरवणूक, पोस्टाच्या तिकिटावर चेहरा. सहा वर्षांनी पुन्हा युद्ध पेटतं आणि तो स्वतःहून परत जातो.

सध्याचा प्रसंग असा: गस्तीवर असताना मोठा स्फोट ऐकू येतो, डोळ्यांपुढे जुनं सगळं उभं राहतं, धाप लागते, ऑक्सिजन झपाट्याने संपायला लागतो, सोबती त्याला ओढत आणतो. ज्यांनी हे वाचलं त्यांचं म्हणणं, सिनेमा पाहिल्यासारखं वाटतं. मलाही ते पटतंय. हा माणूस वैद्यकीय तपासणीतून पुढे जाईल कसा? परत का जातो, हे 'देशासाठी' न म्हणता कसं पटवावं? आणि चंद्राऐवजी मंगळ घेतला तर बरं पडेल का?

दाबमापक
आधी स्फोटाचा आवाज काढा. तिथे हवा नाही. बुटांतून थरथर येईल, लख्ख उजेड दिसेल. उडालेली माती हवेत तरंगत राहणार नाही, फेकलेल्या दगडासारखी वक्र मार्गाने लांबवर जाऊन पडेल.

ऑक्सिजनचं वाक्यही काढा. ते समुद्रातल्या पाणबुड्याच्या टाकीला लागू आहे. तिथे सोडलेला श्वास बुडबुडे होऊन वाया जातो, म्हणून घाबरलेल्या माणसाची टाकी लवकर रिकामी होते. सूटमध्ये तीच हवा फिरत राहते: पंखा ती ओढतो, एक डबा कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि शरीराने वापरला तेवढाच ऑक्सिजन आत सोडला जातो. नुसत्या धापेने साठा फारसा घटत नाही. आखडलेले स्नायू आणि धडपड यांनी घटतो, पण सावकाश.

धोका आहे तो कार्बन डायऑक्साइडचा. पंखा मंदावला की तो हेल्मेटमध्ये तोंडापाशी साचतो. मग डोकं जड होतं, घाम फुटतो, श्वास पुरत नाही असं वाटतं. भीतीच्या झटक्यातही हेच होतं. शिवाय हा वायू स्वतःच भीती पेटवतो. प्रयोगशाळेत ३५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा एक खोल श्वास दिला, तर असे झटके येणाऱ्यांपैकी अनेकांना तिथल्या तिथे झटका येतो. तेव्हा बिघाड सूटमध्ये आहे की आपल्यात, हे तुमच्या सुभेदाराला कळणार नाही.

नासाच्या अंतराळ स्थानकावरच्या सूटचं उदाहरण घ्या. नियंत्रणपेटी छातीवर असते. वरच्या कडेवरचे आकडे दिसतात, पण पुढची बटणं दिसत नाहीत. त्यासाठी मनगटावर छोटा आरसा बांधतात आणि बटणांची नावं पेटीवर उलटी छापतात, म्हणजे आरशात सरळ वाचता येतात. हात थरथरतोय, आरशात अक्षरं हलताहेत आणि तो त्यात पंख्याचं बटण शोधतोय. स्फोटाच्या जागी हे लिहा.

लपवाछपवीही अवघड, कारण हृदयाचे ठोके नियंत्रण कक्षात दिसतात. जून १९६६ मध्ये जेमिनी ९ए यानातून बाहेर पडलेल्या युजीन सर्नन यांची नाडी १५० च्या वर गेली, काच धुरकटून दिसेनासं झालं, आणि बाहेरचं काम अर्ध्यावर सोडावं लागलं. ते तर केवळ श्रमाने.

टाचण
दाबमापक यांच्याशी सहमत. फक्त माझ्या मते मोठा झटका तो तळाबाहेर असताना येऊच देऊ नका. बाहेर काम असतं, शिस्त असते, सतत धोक्याचा कानोसा घेणं तिथे कामालाच येतं. घरी ज्याला आपण आजार म्हणतो ते आघाडीवर कौशल्य ठरतं, म्हणून असा माणूस लढताना अनेकदा इतरांपेक्षा शांत दिसतो. कोसळतो तो सुरक्षित जागी आल्यावर.

तुमच्या कथेत ती जागा आयतीच आहे. अपोलोच्या अंतराळवीरांनी आत येऊन हेल्मेट काढल्यावर चांद्रधुळीला बंदुकीच्या उडालेल्या बारासारखा वास येतो, असं सांगितलंय. अपोलो १७ मध्ये (१९७२) हॅरिसन श्मिट यांचं तर त्या धुळीने नाक चोंदलं होतं. पृथ्वीवर आणलेल्या नमुन्यांना मात्र तो वास राहिलेला नाही.

आता हे उपचाराला जोडा. भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याची पद्धत आहे: साधारण ८ ते १५ बैठका, प्रत्येकी ९० मिनिटांच्या. रुग्ण आठवण पुन्हा पुन्हा मोठ्याने सांगतो आणि टाळलेल्या गोष्टींकडे हळूहळू जातो. तुमच्या सुभेदाराने हे प्रामाणिकपणे पुरं केलेलं असू दे. त्याला खरंच बरं वाटलेलं असू दे. पण तो वास पृथ्वीवर कुठल्याही डॉक्टरला त्याच्यापुढे आणता आलेला नाही. सूटमध्येही तो येत नाही. सहा तासांची गस्त चोख पार पडते, एअरलॉकमध्ये दाब भरतो, हेल्मेट निघतं, आणि समोर तेच दार. वासाचा मार्ग मेंदूच्या भावनांच्या केंद्रांपर्यंत इतर इंद्रियांपेक्षा थेट जातो, त्यामुळे 'का' हे कळायच्या आत शरीर प्रतिक्रिया देतं. हा वास चंद्राच्या धुळीचा, म्हणून मंगळ नको.

डोळ्यांपुढे चित्रपट सरकवण्याचं टाळा. १९८० साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-सूचीत या विकाराला पीटीएसडी (आघातानंतरचा तणाव-विकार) हे आजचं नाव मिळालं. आता लक्षणांचे चार गट मानतात: नकोशा आठवणींचं घुसणं, टाळणं, विचार आणि मनःस्थिती काळवंडणं, सततची सावधगिरी. ती महिन्याहून जास्त टिकली तर निदान होतं. कथेत सर्वांत बोलकं असतं ते टाळणं. हा माणूस घरातलं एकही दार पूर्ण लावत नाही. बायको रात्री फ्रीजचं दार लावते, रबर चिकटल्याचा आवाज होतो, आणि तो उठून बसतो. एवढं पुरे.

कृष्णपक्ष
वासाचं माहीतच नव्हतं, मंगळ रद्द! मग बाहेर असताना हलकीशी लाट आली, तर सूटमध्ये तो स्वतःला कसा सावरेल?

दाबमापक
पाच गोष्टी बघा, चार गोष्टींना हात लावा, हा नेहमीचा उपाय तिथे अर्धा निकामी. हातमोज्यांतून स्पर्श नीट कळत नाही, तोंड पुसता येत नाही, डोकं हातात धरता येत नाही. उरतं ते पाणी. सूटच्या आत अंगालगत जो कपडा असतो त्यात सुमारे ९० मीटर बारीक नळ्या शिवलेल्या असतात आणि त्यांतून पाणी खेळतं. छातीवरच्या खटक्याने ते गार करता येतं. त्याने खटका पूर्ण गारव्याकडे फिरवावा, दात वाजेपर्यंत. दुसरं म्हणजे तोंडापाशी असलेल्या नळीतून पाण्याचा घोट. सोबत्याला नुसतं जाणवू दे की बाकीच्यांना उकडतंय आणि सुभेदारसाहेब कुडकुडताहेत.

जुना_नकाशा
तपासणीबद्दल. २००६ च्या अमेरिकी लष्करी नियमानुसार मानसिक आजारावर उपचार घेतलेल्या सैनिकाला मोहिमेवर पाठवण्याआधी किमान तीन महिने प्रकृती स्थिर असावी लागते. असा नियम कथेत ठेवा. मग खोटेपणाची गरजच नाही. 'वाईट स्वप्नं पडतात का?' याला तो 'नाही' म्हणतो, कारण तो दीड-दोन तासांपेक्षा जास्त झोपतच नाही, आणि पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. तिकिटावरच्या चेहऱ्याला नापास करायला वैद्यकीय मंडळातलं कोण धजेल?

परत का जातो, यासाठी सीगफ्रीड ससून यांच्याकडे बघा. पहिल्या महायुद्धातले पदकप्राप्त ब्रिटिश अधिकारी आणि कवी. १९१७ मध्ये त्यांनी युद्ध लांबवण्याविरुद्ध जाहीर निवेदन काढलं. त्यांना एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट या लष्करी मानसोपचार रुग्णालयात डॉ. रिव्हर्स यांच्याकडे धाडलं गेलं. तरीही ते आघाडीवर परतले. मत बदललं नव्हतं, पण आपली माणसं तिथे मरत असताना इथे सुखात राहणं त्यांना सोसत नव्हतं. जुलै १९१८ मध्ये आपल्याच बाजूच्या गोळीने त्यांचं डोकं जखमी झालं, त्यातून ते वाचले. तुमच्या सुभेदारालाही युद्धाबद्दल फार आस्था असायची गरज नाही. दारापलीकडच्या तिघांचं देणं त्याच्यावर बाकी आहे, एवढं पुरेसं आहे.

टाचण
हे महत्त्वाचं. भीती आणि अपराधीपण वेगळे ठेवा. भीती सरावाने ओसरते, पण 'मी दार लावलं' हे ओसरत नाही. 'तुम्ही बरोबरच केलंत' असं जो तो म्हणतो, आणि दर वेळी तो आणखी एकटा पडतो, कारण त्याला कुणी माफ करावं असं वाटत नसतं, ऐकून घ्यावं असं वाटत असतं.

संवादासाठी चंद्राचा आणखी एक फायदा. रेडिओ संदेशाला एकीकडून १.३ सेकंद लागतात, म्हणजे पृथ्वीवरच्या समुपदेशिकेचं उत्तर येईपर्यंत किमान २.६ सेकंद शांतता. सुभेदार पहिल्यांदाच म्हणतो, "आतून मला त्यांचे हात दिसत होते." पलीकडून काहीच येत नाही. तेवढ्यात तो घाईने "असो, जाऊ दे" म्हणून टाकतो, आणि तिचा "सांगा, मी ऐकतेय" हा शब्द त्याच्या "जाऊ दे" वर येऊन आदळतो.