अमेरिकेत क्रिमिनल जस्टिसचे शिक्षण: नागरिकत्वाविना इंटर्नशिप कुठे मिळेल? (मदत हवी आहे)

मी अमेरिकेतील एका विद्यापीठात एफ-१ व्हिसावर (विद्यार्थी व्हिसा) क्रिमिनल जस्टिसच्या (गुन्हे व न्यायव्यवस्थेचा अभ्यास) पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असून पुढील सत्रात इंटर्नशिप करणे सक्तीचे आहे. अडचण अशी की, एफबीआयसारख्या संघीय यंत्रणांना अमेरिकी नागरिकत्वच लागते, आणि ज्या दोन पोलीस विभागांकडे मी अर्ज भरायला घेतला, तिथे ‘आपण अमेरिकी नागरिक आहात का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ निवडताच अर्ज बंद झाला.

एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्याने सीपीटीला (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी) मी पात्र आहे, मात्र त्यासाठी आधी इंटर्नशिप देणाऱ्या संस्थेचे लेखी पत्र हवे. बिनपगारी कामही चालेल. न्यायवैद्यक विज्ञानाकडे वळ, असे अनेकजण सुचवतात, कारण तो विषय स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असल्याने १२ महिन्यांच्या ओपीटीला (शिक्षणाशी संबंधित काम करण्याची, बहुधा पदवीनंतर वापरली जाणारी परवानगी) आणखी २४ महिन्यांची जोड मिळू शकते. परंतु मला मनापासून काम करायचे आहे ते शिक्षा भोगून बाहेर पडलेल्यांच्या पुनर्वसनात, प्रयोगशाळेत नव्हे.

तेव्हा सरकारी बचाव वकिलांची कार्यालये, पीडितांना साहाय्य करणाऱ्या संस्था आणि पुनर्वसन केंद्रे यांपैकी कुठे आपल्यापैकी कोणाला एफ-१ व्हिसावर इंटर्नशिप मिळाली आहे, आणि पार्श्वभूमीच्या तपासणीसाठी मायदेशातून कोणती कागदपत्रे आधीच मागवून ठेवावी लागली?