स्टेशनजवळ परवडणारं घर हवंय, उपनगर नक्की काय बघून ठरवायचं?

घरशोध

नमस्कार मंडळी. नोकरी बदलल्यामुळे चार-पाच महिन्यांत आम्हाला नव्या शहरात बिऱ्हाड हलवायचंय. दोघांचंही ऑफिस शहराच्या अगदी मध्यात, आणि तिथलं भाडं आपल्याला झेपणारं नाही हे पहिल्या दोन दिवसांतच कळलं, म्हणून आता रेल्वेलाइनवरची उपनगरं बघतोय. घरात आम्ही दोघं, ४ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. गाडी एकच आहे आणि दुसरी घ्यायची नाहीये, ती घ्यावी लागली तर भाड्यात वाचवलेलं सगळं तिच्यातच जाईल.

शहराचं नाव मुद्दाम देत नाही. इथे वेगवेगळ्या देशांतले लोक आहेत आणि मला "अमुक ठिकाणी घ्या" असं उत्तर नकोय, ठरवायचं कसं ते समजून घ्यायचंय. तीन स्टेशनांवर आलोय, त्यांना मी आपली नावं दिलीयेत.

"शेवटचं" म्हणजे लाइनचं टोक. फास्ट गाडीने ५५ मिनिटं, दर १५ मिनिटांनी गाडी. भाडं कमी, घर मोठं.
"जंक्शन" ३८ मिनिटांवर, गाड्या दर ५-६ मिनिटांनी. पण त्याच पैशात एक खोली कमी मिळते.
"फाटा" जंक्शनवरून फुटणाऱ्या छोट्या लाइनवर. वेळापत्रकात ४२ मिनिटं (जंक्शनला गाडी बदलून), तिकडची गाडी दर ३० मिनिटांनी. परिसर फार सुंदर, भाडं "शेवटचं" इतकंच, पण बघितलेलं घर स्टेशनपासून अडीच किलोमीटरवर.

नवऱ्याला फाटा आवडलाय, म्हणतो ३८ आणि ४२ मध्ये फरक तो काय. माझं मन का मानत नाहीये ते मलाच नीट सांगता येत नाही.

शेवटचा_डबा

ताई, तुमचं मन बरोबर सांगतंय. मी १६ वर्षं रोज लोकलने जातोय, त्यातली ५ अशाच फाट्यावर काढली, म्हणून कळकळीने लिहितो.

वेळापत्रकात दिसतो तो गाडीचा वेळ. तुमचा वेळ घराच्या दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत मोजायचा. घर अडीच किलोमीटरवर म्हणजे चालत अर्धा तास, किंवा बस, आणि बस गाडीच्या वेळेशी जुळणारी असेल तर ठीक नाहीतर तिची वेगळी वाट बघा. मग ती गाडी, मग जंक्शनला उतरून जिना चढून दुसरा फलाट, मग दुसरी गाडी, मग शहरातलं चालणं. याची बेरीज ४२ कधीच होणार नाही, दीड तासाच्या आसपास जाईल.

आणि सकाळचं सोडा, सकाळी माणूस घड्याळ लावून निघतो. खरा त्रास संध्याकाळी होतो. मीटिंग ५ मिनिटं लांबली, मेन लाइनची गाडी ४ मिनिटं उशिरा आली, की फाट्याची गाडी डोळ्यासमोरून जाते आणि तुम्ही फलाटावर अर्धा तास उभे. जंक्शनला राहणाऱ्या माणसाची एक गाडी चुकली तर ६ मिनिटं जातात, तुमची चुकली तर ३०. गाड्या दर १० मिनिटांनी किंवा त्याहून जवळ असल्या की माणूस वेळापत्रक बघायचंच सोडून देतो, मनावरचं एक ओझं उतरतं. मी घर बदललं तेव्हा प्रवासाचा वेळ फक्त १५ मिनिटांनी कमी झाला होता, पण रोज संध्याकाळी ६ वाजता छातीत होणारी ती धडधड पूर्ण थांबली.

एक हिशोब करून बघा. येताना-जाताना २० मिनिटं जास्त लागली तर दिवसाला ४०, वर्षाचे २३० दिवस धरले तर दीडशे तासांच्या वर. आठ तासांचा दिवस धरला तर १९ दिवस. तुम्ही दोघं आहात, म्हणजे दुप्पट. हे १९ दिवस तुमच्या मुलीच्या झोपण्याआधीच्या वेळातून जाणार आहेत.

"शेवटचं" मात्र लगेच खोडू नका. टोकाचं स्टेशन म्हणजे सकाळी गाडी रिकामी लागते, बसायला जागा मिळते. ५५ मिनिटं बसून आणि ३८ मिनिटं दारात लोंबकळत, यातलं काय जड जातं ते माणसामाणसावर आहे. मी त्या वेळात एक परीक्षा पास झालोय.

रात्रपाळी

वरच्या प्रतिसादाला +१. मी शिफ्टमध्ये काम करते त्यामुळे माझे मुद्दे थोडे वेगळे.

स्टेशन बघायला रविवारी दुपारी जाऊ नका, तेव्हा सगळीच उपनगरं छान दिसतात. कामाच्या दिवशी रात्री साडेनऊ-दहाला एकटी उतरा आणि घरापर्यंत चालत जा. दिवे आहेत का, मध्ये भुयारी मार्ग आहे का, रस्त्यावर दुकानं उघडी असतात की दोन्ही बाजूंनी नुसती कुंपणाची भिंत. माझ्या आधीच्या घराचा रस्ता नकाशावर ९ मिनिटांचा होता पण त्यातली ४ मिनिटं पुलाखालून, आणि मी तीन वर्षं त्या ४ मिनिटांसाठी रोज कोणालातरी फोन लावून चालत होते. कोणी छेडलं नाही, काही घडलं नाही, पण दिवसभर दमून आल्यावर ती भीती पुरते.

शेवटची गाडी किती वाजता सुटते ते बघा आणि मुख्य म्हणजे शेवटच्या *दोन* गाड्या बघा. शेवटच्या दोन्हींमध्ये तासाचं अंतर असेल तर तुमची खरी शेवटची गाडी ती आधीची.

पाळणाघराचं कोणी बोललं नाही अजून. दोघांची ऑफिसं शहरात, एकाच लाइनवर अवलंबून, म्हणजे लाइन बंद पडली की दोघंही एकदमच अडकणार. घरी सासूबाई आहेत हा फार मोठा आधार आहे, पण पाळणाघर किंवा शाळा त्यांना चालत जाता येईल इतकी घराजवळच हवी. आणि लाइन बंद पडल्यावर दुसरा रस्ता कोणता, दुसरी लाइन, बस, काहीतरी, हे तीनही स्टेशनांसाठी शोधा. जंक्शनला तो पर्याय बहुधा असेल, टोकाला आणि फाट्यावर नसेल.

सासूबाईंसाठी: स्टेशनला लिफ्ट आहे का, आणि दुपारी गाड्या किती. गर्दीच्या वेळी दर ५ मिनिटांनी आणि दुपारी तासाला दोन, असं पुष्कळ ठिकाणी असतं. त्या दुपारीच दवाखान्यात जाणार ना.

आकडेमोड

प्रश्न आवडला, जरा सविस्तर लिहितो.

विल्यम अलोन्सो नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६४ मध्ये शहरातल्या जागेच्या किमतीचं एक मॉडेल मांडलं. सोप्या भाषेत, केंद्रापासून लांब गेलात की जागा स्वस्त होते कारण प्रवासाचा खर्च आणि वेळ तुम्ही दुसऱ्या खिशातून देता. म्हणजे स्वस्त उपनगर हे फुकट मिळालेलं नसतं, त्याची किंमत आधीच वजा करून भाडं ठरलेलं असतं. म्हणून "सगळ्यात स्वस्त कुठे" हा प्रश्न बाजूला ठेवा आणि तुम्हाला ज्या गोष्टीने फरक पडत नाही पण बाकीच्यांना पडतो अशी जागा शोधा. रुळांच्या पलीकडची बाजू हे नेहमीचं उदाहरण. एका बाजूला बाजारपेठ, मोठे रस्ते, नवीन इमारती, आणि पलीकडे तेवढ्याच अंतरावर जुनी घरं, भाडं कमी, स्टेशन तेच, गाड्या त्याच. जंक्शनच्या पलीकडे बघितलंत का?

दुसरं, भाडं एकटं बघू नका. शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेने अमेरिकेसाठी घर आणि प्रवास मिळून परवडण्याचा एक निर्देशांक काढलाय. घरावर उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत ही जुनी मोजणी, ते म्हणतात घर अधिक प्रवास मिळून ४५ टक्क्यांच्या आत राहिलं तर परवडलं. टक्के तुमच्या शहरात वेगळे निघतील पण पद्धत घ्या. दोघांचे पास, घरापासून स्टेशनपर्यंतची फीडर बस, स्टेशनवरचं पार्किंग, आणि तुम्ही स्वतः लिहिलंय तसं दुसरी गाडी घ्यावी लागली तर तिचा हप्ता, विमा, इंधन. फाट्यावर अडीच किलोमीटरचं घर म्हणजे दुसरी गाडी आज नाही तर दोन वर्षांनी येणारच.

पास काढताना तिकिटाचे झोन बघा, म्हणजे शहरापासूनच्या अंतराप्रमाणे पाडलेले दराचे टप्पे. जिथे झोन आहेत तिथे एक स्टेशन अलीकडे राहिलं तर दोघांचे पास स्वस्त पडतात. पॅरिससारख्या ठिकाणी २०१५ पासून महिन्याचा पास सगळ्या झोनना एकाच किमतीत आहे, तिथे हा मुद्दाच उरत नाही.

आणि एजंटच्या "स्टेशनपासून ५ मिनिटं" वर जाऊ नका. जपानमध्ये घरांच्या जाहिरातीत १ मिनिट म्हणजे रस्त्याने ८० मीटर असं ठरवून दिलंय, त्यामुळे तिथे १० मिनिटं म्हटलं की ८०० मीटर हे सगळ्यांना माहीत असतं. तरी त्यात सिग्नलला थांबणं आणि चढ धरलेला नसतो. बाकी ठिकाणी ५ मिनिटं कोणाच्या पायाची ते विचारावं लागतं. पोरीला हाताला धरून चालून बघा.

तुटक_रेघ

एक कळकळीची विनंती. कोणी "इथे नवीन लाइन येतेय, आत्ताच घ्या" म्हणालं तर ती लाइन *नाही* असं समजूनच घर ठरवा.

आम्ही तसं घर विकत घेतलं. बिल्डरच्या ऑफिसात नकाशा होता, त्यावर तुटक रेघ आणि आमच्या इमारतीजवळ गोल. किमतीत ते स्टेशन आधीच धरलेलं होतं, म्हणजे नसलेल्या स्टेशनचे पैसे आम्ही भरले. सात वर्षं झाली. मी रोज बसने जाते, बायपासवर वाट बघत उभी असते तेव्हा तो गोल आठवतो.

कोणाला वाटेल कामं नीट चालणाऱ्या देशांत असं होत नाही. लंडनची एलिझाबेथ लाइन, कायदा २००८ मध्ये मंजूर, डिसेंबर २०१८ मध्ये सुरू होणार असं जाहीर केलेलं, प्रत्यक्षात प्रवासी बसले २४ मे २०२२ ला. पैसा, माणसं, तंत्र सगळं असून साडेतीन वर्षं उशीर. त्या भरवशावर ज्यांनी ऑफिस किंवा शाळा ठरवली असेल त्यांनी काय केलं असेल.

आधी भाड्याने राहा. एक हिवाळा आणि एक पावसाळा त्या स्टेशनवरून जा-ये करा, मग घ्यायचं ते घ्या.

मालगाडी

फक्त आवाजाबद्दल लिहितो. जवळ म्हणजे अगदी रुळांना लागून नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी काढलेल्या शिफारशीत रेल्वेचा आवाज दिवसरात्रीच्या सरासरीने ५४ डेसिबलच्या आणि रात्री ४४ च्या खाली असावा असं म्हटलंय. प्रवासी गाड्यांची सवय होते. झोप मोडते ती रात्री जाणाऱ्या मालगाड्यांनी, आणि वळण असेल तिथे चाकं किंचाळतात, सांधे बदलायची जागा असेल तिथे खडखडाट. जंक्शन म्हणजे हे सगळं एकत्र. रात्री १ वाजता खिडकी उघडी ठेवून ऐका, एजंट दुपारी दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत घर दाखवतो.

घरशोध

सगळ्यांचे मनापासून आभार, आज तीन आठवड्यांनी लिहितेय कारण तुम्ही सांगितलं ते करून बघितलं.

आम्ही दोघं तिन्ही ठिकाणी दोन-दोन रात्री राहिलो आणि कामाच्या दिवशी सकाळी ७:२० ला घराच्या दारातून निघालो. शेवटचं: १ तास १८ मिनिटं, पूर्ण वेळ बसून. जंक्शन: १ तास २ मिनिटं, पूर्ण वेळ उभं. फाटा: पहिल्या दिवशी १ तास २६ आणि दुसऱ्या दिवशी १ तास ५४, कारण जंक्शनकडे जाणारी गाडीच रद्द झाली आणि पुढची अर्ध्या तासाने. त्या फलाटावर नवरा काही बोलला नाही, मीही बोलले नाही, पण फाटा तिथेच संपला. वाईट वाटलं, ती झाडं खरंच सुंदर होती.

मग राहिली दोन. रात्रपाळीताई, तुमच्या सांगण्यावरून रात्री दहाला दोन्हीकडे उतरून एकटी चालले. शेवटच्या स्टेशनला माझ्यासोबत अकरा माणसं उतरली आणि दोन मिनिटांत सगळी पार्किंगमधल्या आपापल्या गाड्यांकडे गेली, रस्त्यावर मी एकटी. म्हणजे तिथे राहणारे घरापर्यंत चालत जातच नाहीत, हे दिवसा कधी लक्षात आलं नसतं. जंक्शनला पादचारी पुलावर रात्रीही माणसं होती, पलीकडे उतरल्यावर एक औषधाचं दुकान उघडं, आणि पुढे जुन्या इमारती. आकडेमोड म्हणाले तशा, अगदी तशाच.

तिथे एक घर मिळतंय, स्टेशनपासून माझ्या पावलांनी १० मिनिटं आणि मुलीसोबत १७. खोली एक कमीच आहे, जिना जुना आहे पण लिफ्ट आहे. भाडं पुढच्या बाजूपेक्षा बरंच कमी. दोघांचे पास धरून हिशोब केला तर शेवटच्या स्टेशनपेक्षा थोडं जास्त जातंय, दुसरी गाडी धरली तर मात्र जंक्शन स्वस्त. शाळा घरापासून चालत ६ मिनिटं, सासूबाई स्वतः चालून आल्या.

त्यांची एकच अट आहे, खोली रुळांच्या बाजूची नको. ती मागची खोली त्यांना द्यायची ठरलंय, रुळांकडची आम्ही घेऊ. मालगाड्या बहुतेक शुक्रवारी रात्री जास्त असतात असं खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, म्हणून करार करायच्या आधी या शुक्रवारी रात्री १ वाजता एकदा जाऊन ऐकून येणार आहे.