लोबेक्टॉमीला (फुफ्फुसाचा एक लोब, म्हणजे खंड, काढण्याच्या ऑपरेशनला) तीन आठवडे आहेत, ७१ वर्षांच्या बाबांची तयारी कशी करून घ्यायची?

सक्करदराकर: बाबा ७१, वजन ५२ किलो, सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) आहे. बिडी नुकतीच सुटली, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) मात्र सुरूच. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या लोबमध्ये गाठ, लोबेक्टॉमी ठरली. एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात जोरात सोडलेली हवा) अपेक्षेच्या ५८ टक्के. श्वासाच्या व्यायामाला तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर (हवा ओढली की आतल्या गोळ्या वर जातात ते यंत्र) दिलंय, बाबा झटक्यात ओढून तिन्ही गोळ्या वर आपटतात अन् खूश होऊन राहिले. मे महिन्यात त्यांना फिरायला तरी कसं न्यायचं? ऑपरेशन झेपेल नं?

श्वास_फिजिओ: आधी ते आपटणं थांबवा. गोळ्या ओढण्याचा वेग दाखवतात (सहसा ६००, ९००, १२०० मिली प्रतिसेकंद), आत किती हवा गेली ते नाही. ताठ बसवा, सावकाश श्वास सोडायला लावा, मग ओठ घट्ट लावून हळू ओढू द्या. पहिली गोळी वर तरंगत राहिली आणि तिसरी हललीच नाही, तर बरोबर. तीन सेकंद रोखून ओठांचा चंबू करून सोडायचा. सीओपीडीत श्वास बाहेर पडायलाच वेळ लागतो. घाई केली तर हवा आत साठते आणि धाप वाढते. जागेपणी दर तासाला दहा, पण सलग नको, चक्कर येते.

खरं सांगायचं तर यंत्रापेक्षा चालणं मोठं. पहाटे साडेपाचला अंबाझरी तलावाला न्या, नाहीतर घरातल्या घरात फेऱ्या. धाप लागावी, पण छोटं वाक्य बोलता यावं. ऑक्सिमीटर ८८ खाली गेला किंवा छातीत दुखलं की थांबायचं. खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, दहाचे दोन सेट. आणि आरशावर वाफ धरतो तसं तोंड उघडून 'हाऽ' करत कफ वर आणायला आत्ताच शिकवा, नंतर टाक्यांच्या दुखण्यात नवं काही शिकवता येत नाही.

भूलतज्ज्ञ_नाग: हिशेब असा: फुफ्फुसांचे १९ भाग धरतात, उजव्या वरच्या लोबमध्ये ३. म्हणजे ५८ गुणिले १६ भागिले १९, ऑपरेशननंतर एफईव्ही-१ साधारण ४९ टक्के उरेल. ६० च्या खाली, ३० च्या वर. एवढ्यावर नाकारत नाहीत, पण डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती शिरतो ती चाचणी) झालाय का विचारा. त्याचाही असाच हिशेब करतात आणि पुढे जिना चढण्याची किंवा शटल-वॉकची (वाढत्या वेगानं फेऱ्या मारण्याची) चाचणी लागते.

खर्ऱ्याचं लपवू नका, त्यानं तोंड उघडणं कमी होतं! तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात का बघा. जात नसतील तर भूलपूर्व तपासणीतच सांगा. एक फुफ्फुस बंद ठेवायला जाड, दुहेरी नळी घालावी लागते. आधी कळलं तर दुर्बिणीनं नळी घालायची तयारी ठेवता येते. बिडी सोडल्यावर खोकला वाढला म्हणून परत पेटवू देऊ नका. इनहेलर ऑपरेशनच्या सकाळीही घ्यायचा, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर.

सक्करदराकर: तीन बोटं जात नाहीत, दोनच. उद्याच सांगतो. अन् बाबा पेनकिलर नकोच म्हणतात, त्याचं काय?

वॉर्ड_सिस्टर: भाऊ, तिथंच बिघडतं. दुखलं की श्वास उथळ, खोकला दाबला जातो, कफ साठतो, फुफ्फुसाचा खालचा भाग मिटतो आणि न्यूमोनिया. औषधाचा असर सुरू झाल्यावर व्यायाम करवा, खोकताना उशी छातीशी धरायला द्या.

ऑपरेशननंतर छातीत घातलेल्या नळीची बाटली कायम छातीच्या खाली. चालवताना नळीला चिमटा लावू नका, मुरड पडू देऊ नका. श्वासासोबत पाणी वरखाली व्हायचं एकदम थांबलं तर लगेच सांगा. अन् ऑक्सिजनचा नॉब नातेवाइकांनी फिरवायचा नाही. सीओपीडीत ऑक्सिमीटरचा आकडा सहसा ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात. '९० च आहे' म्हणून वाढवला तर कार्बन डायऑक्साइड साठून पेशंट झोपाळतो, अन् घरचे म्हणतात शांत झोपले.