शब्दचर्चा : 'हलाल पर्यटन' की 'मुस्लिमस्नेही पर्यटन'?

प्रश्न : इंडोनेशियाच्या पर्यटन धोरणावरील मजकुराचा अनुवाद करताना 'पारिविसाता हलाल' (शब्दशः 'हलाल पर्यटन') या संज्ञेसाठी 'धार्मिक पर्यटन' हा शब्द चालेल का?

उत्तर : माझ्या मते चालणार नाही. 'धार्मिक पर्यटन' म्हटले की मराठी वाचकाला तीर्थयात्रा आठवते. येथे मात्र प्रवासाचा हेतू धार्मिक असण्याची अट नाही. समुद्रकिनारी सुटी घालवायला आलेल्या कुटुंबाला हलाल जेवण, नमाजासाठी जागा आणि खोलीत किब्ल्याची (नमाजाच्या वेळी तोंड करायची, मक्केकडची) दिशा दाखवणारी खूण मिळाली, तर तेही हलाल पर्यटनच ठरते. लोंबोक बेट ज्या पश्चिम नुसा तेंगारा प्रांतात आहे, त्या प्रांताने २०१६ मध्ये याविषयी स्वतंत्र कायदा केला आणि त्यातील व्याख्या पर्यटकाच्या धर्मावर न बेतता शरीयतला धरून पुरवलेल्या सुविधा, सेवा आणि व्यवस्थापन यांवर बेतली. 'हलाल' म्हणजे अनुज्ञात. मराठीत मात्र हा शब्द बहुधा मांसापुरताच वापरला जातो (आणि 'निमकहलाल'मध्ये उरला आहे), म्हणून पहिल्या उल्लेखाच्या वेळी अर्थ उलगडून सांगावा. जाता जाता, 'पारिविसाता'मधला 'परि' हा आपल्या 'पर्यटन'मधलाच उपसर्ग आहे.

पुरवणी : २०१४ च्या शरीयत हॉटेलविषयक नियमावलीत 'हिलाल-१' आणि 'हिलाल-२' अशा श्रेणी होत्या. तो 'हलाल'चा मुद्रणदोष समजून कोणी दुरुस्त करू नये. हिलाल म्हणजे चंद्रकोर. अरबीत या दोन शब्दांतील 'ह' वेगवेगळे आहेत, देवनागरीत तो भेद दिसत नाही.

प्रश्न : मग 'मुस्लिमस्नेही पर्यटन' हा शब्द अधिक सौम्य नाही का?

उत्तर : सौम्य आहे, पण तो 'विसाता रामाह मुस्लिम' या दुसऱ्या संज्ञेचा अनुवाद आहे. उत्तर सुमात्रातील तोबा सरोवराच्या परिसरात ख्रिस्ती बताक समाजाची मोठी वस्ती आहे, आणि तेथे २०१९ मध्ये हलाल पर्यटनाच्या कल्पनेला विरोध झाला. 'हलाल' हे विशेषण सेवेला लागते की साऱ्या स्थळालाच, हा त्या वादाचा गाभा होता. 'रामाह मुस्लिम' म्हटले की रोख सेवेवर राहतो. त्यामुळे मूळ मजकुरात 'हलाल' असताना 'मुस्लिमस्नेही' लिहिले, तर त्या वादातील एका बाजूचा शब्द अनुवादकानेच निवडल्यासारखे होते.