प्रतिसाद: पांढरं पडलेलं बबल टिप

तुम्ही लिहिलंय की बबल टिप अ‍ॅनिमोन (खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळतात तो फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) आणून तीन आठवडे झाले, ते पांढरंफटक पडलं आणि म्हणून रोज कोळंबी भरवताय. रोज नको हो! त्याच्या अंगातलं शेवाळ निघून गेलंय, खरं दुखणं ते. त्या शेवाळाने बनवलेल्या अन्नावरच ते बरंचसं जगतं. वाटाण्याएवढा तुकडा आठवड्यातून दोनदा पुरे. मोठा दिलात तर दुसऱ्या दिवशी ओकून टाकतं, वर पाणी घाण. लाइटही एकदम वाढवू नका, दोन-तीन आठवडे घेऊन चढवा.

पाण्याचा खारटपणा हायड्रोमीटरवर (पाण्याची घनता दाखवणारं काट्याचं साधन) बघत असाल तर एकदा रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून खारटपणा मोजणारं साधन) ताडून पाहा. माझा काटा घनता १.०२५ दाखवायचा, प्रत्यक्षात निघालं १.०२१! तापमान २५-२६ अंश ठेवा. पुण्यात मे महिन्यात पंखा लावूनही माझी टाकी ३० ला टेकली, शेवटी चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घेतला (बायकोने अजून माफ केलेलं नाही).

वेव्हमेकरला (टाकीत पाणी खेळवणारा पंप) स्पंज लावलाय ना? हा प्राणी जागा बदलत फिरतो. माझं पहिलं रात्री त्यात अडकलं. सकाळी टाकीभर चिंध्या, पाणी दुधासारखं.

रात्री आक्रसतं, त्याचं टेन्शन नको. पण तोंड आ वासलेलं आणि पाय (बुडाचा चिकटणारा भाग) कशालाच धरत नसेल, तर त्याच दिवशी बाहेर काढा.