टेबल सॉवर 80 दाती ब्लेड लावलं म्हणजे प्रीलॅम (मायक्यासारखा थर आधीच चढवलेला पार्टिकल बोर्ड) साफ कापतं?

गुण्या : "10 इंची 80 दाती ब्लेड चढवा, कपची उडणारच नाही." काल इथे टाकलेल्या या सल्ल्याने डोकं फिरलं. दात मोजून काय होतंय? दाताचा घाट बघा. साधं एटीबी (दातांची टोकं आळीपाळीने डावी-उजवीकडे तिरकी) पार्टिकल बोर्डावर चालवलं की त्याची अणकुचीदार टोकं आधी झिजतात आणि खालचा मायका टवके होऊन सुटतो. टीसीजी (एक दात खांदे उतरवलेला, पुढचा सपाट) घ्या, हूक (दात पुढे झुकण्याचा कोन) शून्य ते उणे 5 अंश. ब्लेड उंच केलं की वरची बाजू साफ निघते, खालची फाटते.

सातपूरचा भुसा : नव्या हाय एटीबीची (टोकं अजून जास्त तिरकी) कड टीसीजीला जन्मात जमणार नाही.

गुण्या : नव्याची! चार-दोन बोर्डांनंतर काय, ते पण लिहा की.

फेन्स : दोघंही ब्लेडवर अडकलात. मागचे दात वर येताना पृष्ठभाग खरवडत असतील तर कुठलंही ब्लेड कपची उडवणार. एकाच दाताला खूण करा, पुढे आणि मागे फेन्सपर्यंतचं (बोर्ड जिला टेकवून सरकवतो त्या पट्टीपर्यंतचं) अंतर मोजा. मागे केसभर जास्त हवं, कमी तर मुळीच नको. 12 मिमी प्लायचा बिनफटीचा इन्सर्ट (टेबलातली ब्लेडभोवतीची पट्टी) बनवा. स्कोअरिंग (आधी उथळ चर पाडणारं छोटं ब्लेड) नसेल तर पहिला पास 2 मिमी खोल आणि फेन्स न हलवता दुसरा आरपार.

सातपूरचा भुसा : डबल पास? कपाटांचे 40 शटर कापायचे असतील तर दिवस मावळेल.

रंधा : आणि धारेचं काय? आपल्याकडे सगळे दात एका उंचीला घासून "नवं करून दिलं" म्हणतात! भिंग लावून बघा. टीसीजीत एक दात खांदे उतरवलेला, तो किंचित वर. पुढचा सपाट, तो किंचित खाली. पहिला चर पाडतो, दुसरा कडा साफ करतो. हा फरक घासून टाकला की टीसीजी मेलं. एवढ्यासाठी टीसीजी घ्यायचं कशाला?

गुण्या : मग चूक धारवाल्याची, टीसीजीची कशी?

रंधा : त्याला दाताचा घाट लिहून देता का कधी? "धार लाव" एवढंच सांगता. दातांच्या कार्बाइडला डायमंड व्हीलच लागतं, पांढऱ्या दगडाने फक्त पोलाद घासलं जातं, हे तरी विचारता?

फेन्स : धारेला टाकण्याआधी ब्लेड धुवा राव. दातांच्या बगलेला डिंकाचा काळा थर बसतो, त्याने घर्षण वाढतं, कड करपते. कोमट साबणपाणी, नायलॉन ब्रश. निम्मी "बोथट" ब्लेडं नुसती घाण असतात.

सातपूरचा भुसा : बरं बाबा, टीसीजी. पण एका बाजूच्या मायक्याला, चांगली बाजू वर ठेवून, मी हाय एटीबीच लावणार.

गुण्या : लावा. धारवाला खूश होईल.